गाईच्या बिल्ल्यावर नाव कुणाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूधदराची बातमी आली की तिच्यासोबत एक फोटो हमखास असतो. रस्त्यावर किटल्या ओतल्या जात आहेत, दुधाचा ओहोळ वाहतो आहे आणि ओतणारे सगळे बाप्ये. दर वाढून मिळावा यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांच्या बाजूनंच मी आहे. पण असं १८ लिटर दूध एकदा आमच्या घरातूनही गेलं होतं. पहाटे मी धारा काढून किटली भरून ओट्यावर ठेवली, ती डेअरीत न जाता चौकात गेली, आणि मला ते संध्याकाळी शेजारणीकडून कळलं. आधी सांगितलं असतं तर मी स्वतः जाऊन ओतली असती. सांगायचं कुणाला सुचलंच नाही. या पत्राचं कारण तेवढंच आहे.

मी आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून आठ-नऊ किलोमीटरवर राहते. वय ४९, शिक्षण बारावी. दावणीला सात गाई, दोन कालवडी, शिवाय तीन शेळ्या. लग्न होऊन या घरात आले तेव्हा एकच गाय होती. बाकीच्या वाढवत वाढवत इथवर आणल्या. पहाटे साडेचारला उठायचं, शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या, भांडी धुवायची. दुपारी घास कापून आणायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. आमच्या भागात उसात बिबट्या असतो हे तुमच्याच अंकात रोज छापून येतं. त्या उसाच्या कडेचा घास अंधार पडायच्या आत कापून आणणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, हेही कधी छापा.

कष्टाची तक्रार करायला मी बसलेले नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बाई घरच्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आलं होतं. ते वाचून आमच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. काम कोण करतं हे सगळ्यांना माहीत आहे. गाईबद्दलचा निर्णय कुणाचा, तो कुणाला विचारून होतो आणि कुठल्या कागदावर लिहिला जातो, हे मला बोलायचं आहे.

आमची एक कालवड होती, चंद्री. कपाळावर पांढरा टिळा. घरच्याच गाईची, माझ्या हातावर चीक पिऊन वाढलेली. सोळा महिन्यांची झाली आणि कार्तिकात एका पहाटे माजावर आली. दावं ओढत होती, हंबरत होती, शेजारच्या गाईवर उडी घ्यायला बघत होती. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर स्वच्छ, काचेसारखा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करून घ्यायचं आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हे गोठ्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. ती वेळ हुकली की २१ दिवस गेले, आणि त्या २१ दिवसांची पेंड, वैरण सगळं अंगावर. मी सहा वाजताच कृत्रिम रेतन करणाऱ्या मुलाला फोन लावला. तो सांगितल्या वेळेला, संध्याकाळी आला. शहाणा मुलगा, हातही चांगला. कांडी म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी, आणि सॉर्टेड म्हणजे बहुधा कालवडच व्हावी अशी निवडलेली. त्याला मी म्हणाले, "पहिलं वेत आहे, अंगानं बारीक आहे. हिला जर्सीची कांडी घाल, नाहीतर सॉर्टेड असेल तर ती. कालवड झाली तर वासरू लहान असतं, सुटायला सोपं जातं."

त्यानं मान हलवली आणि विचारलं, "मालक कुठं आहेत?"

मालक मार्केटला टोमॅटो घेऊन गेले होते. त्यानं तिथं फोन लावला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. फोनवर बोलणं झालं ते असं: दूध जास्त कशानं होईल? एचएफनं, म्हणजे मोठ्या अंगाच्या होल्स्टीन फ्रिजियन जातीनं. मग भारीतली एचएफ सोडा. कांडी नायट्रोजनच्या भांड्यातून बाहेर आली, कोमट पाण्यात गेली, दोन मिनिटांत काम झालं. कालवडीची शेपटी मी धरली होती.

श्रावणात चंद्री अडली. रात्री अकराला दोन पाय दिसले, पुढं तोंड येईना. पशुवैद्यक आले तेव्हा एक वाजून गेला होता. दोरी बांधून चौघांनी वासरू ओढून काढलं. गोऱ्हा होता, अंगानं एवढा मोठा की बघवत नव्हतं, आणि मेलेला. चंद्रीचं मागचं धड गेलं. अकरा दिवस ती उठली नाही. पाचटाचा जाड थर करून, वर गोणपाट घालून, दर तीन-चार तासांनी तिची कूस बदलायची, नाहीतर अंगाला जखमा होतात. रात्री गजर लावून मी आणि माझी मुलगी उठायचो. सासूबाई तिच्या तोंडाशी पाण्याची बादली धरायच्या. बाराव्या दिवशी ती पुढच्या पायांवर जोर देऊन उठली, पडली, पुन्हा उठली. जगली. पण त्या वेतात तिनं पाच लिटरच्या वर दूध दिलं नाही.

आमचे मालक वाईट नाहीत. त्या अकरा दिवसांत जेवण त्यांनाही गेलं नाही. तो मुलगाही वाईट नाही. त्याच्या नोंदीत मालकाचं नाव आणि मालकाचा मोबाईल असे दोनच रकाने होते. जिच्या नजरेखाली गाय असते तिला विचार, असं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. माज मी ओळखला, वेळ मी सांगितली, कालवडीचा बांधा मी रोज बघत होते, आणि कांडी ठरली आठ-नऊ किलोमीटरवरच्या फोनवर.

आता बिल्ल्याचं. जनावराच्या कानात १२ आकड्यांचा पिवळा बिल्ला मारतात, त्याला आता पशूंचं आधार म्हणतात. लाळ्या-खुरकूताची लस, रेतन, खरेदी-विक्री, अनुदान, सगळं त्या नंबरावर चढतं. आमच्याकडे बिल्ले मारायला माणूस आला तेव्हा गाईचा कान मी धरला होता आणि मोरखी माझ्या मुलीनं. त्यानं विचारलं, "मालकाचं नाव सांगा." आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, त्यामुळं बाईच्या तोंडून अशा वेळी आपोआप दुसऱ्याचंच नाव येतं. सासरे ओसरीवर बसले होते, माणूस त्यांच्याकडे वळला. सातही गाई सासऱ्यांच्या नावावर लागल्या. त्यांचं वय आज ८१ आहे आणि गोठ्यात त्यांचं पाऊल पडून सात-आठ वर्षं झाली.

याची किंमत आम्हाला २०२४ मध्ये मोजावी लागली. सरकारनं ११ जानेवारी ते १० मार्च गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान दिलं. अट अशी होती की पैसे थेट उत्पादकाच्या आधार जोडलेल्या खात्यात जातील आणि त्याच्या गाईंचे बिल्ले त्याच्याशी जुळले पाहिजेत. आमचं डेअरीतलं खातं मालकांच्या नावावर, बिल्ले सासऱ्यांच्या नावावर, आणि दूध काढणारी मी तिसरीच. माहिती जुळेना म्हणून अर्ज मागं आला. रोजचं ४२ लिटर, ५ रुपयांप्रमाणं ६० दिवसांचे १२,६०० रुपये. दुरुस्तीसाठी कुणी कुठं जायचं यावर घरात दोन आठवडे गेले आणि मुदत गेली. पुढं जुलैपासून पुन्हा ५ रुपये आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान झालं तेव्हा कागद जुळवून घेतले. कसे? बिल्ले सासऱ्यांच्या नावावरून मालकांच्या नावावर करून. मला विचारलं नाही. मीही बोलले नाही, ही माझी चूक. पैसे अडले होते, वाद नको वाटला. त्यात सासरे हटून बसले, म्हणून एक म्हातारी गाय, कपिला, त्यांच्याच नावावर राहिली.

आमच्या भावकीतल्या एका जावेचं याहून वाईट झालं. नवरा गेला आणि चार महिन्यांनी, २०२२ च्या लंपी रोगाच्या साथीत, तिची दुभती गाय गेली. अंगभर गाठी, पाय सुजलेले. रात्र रात्र ती ताप उतरवत बसायची. लंपीनं गेलेल्या गाईला सरकारची ३०,००० रुपयांची मदत होती. पण बिल्ला मेलेल्या माणसाच्या नावावर, डेअरीचं खातंही त्याच्याच. वारसाचे कागद गोळा करण्यात तिची दिवाळी गेली. त्या काळात डेअरी तिच्या दुसऱ्या गाईचं दूध रोज घेत होती आणि दुधाचा पगार मात्र अडकून पडला होता. दूध चालतं, नाव चालत नाही, असं कसं?

नावाला काय करायचंय, पैसा घरातच येतो ना, असं मला गावात पुष्कळांनी ऐकवलं आहे. नावापासून पुढं काय काय सुरू होतं ते बघा. डेअरीत खातं असेल तर दूध घातल्याची नोंद तुमच्या नावावर. नोंद असेल तर संस्थेचं सभासदत्व. सभासद असाल तर मत. सहकार कायद्यानं संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत, पण खातंच नवऱ्याचं असेल तर त्या जागेवर बसायचं कुणी? मग कुणाची तरी आई, कुणाची तरी सून कागदावर घेतात आणि सह्या घरी येऊन नेतात. मी हे बघितलेलं आहे. पेंड कुठली घ्यायची, फॅटची मशीन कधी तपासायची, दहा दिवसांचा पगार वेळेवर का होत नाही, यावर बोलायला तिथं रोज कास धुणारं एकही माणूस नसतं.

कर्जाचंही तेच. पशुपालनाला किसान क्रेडिट कार्ड मिळतं ही गोष्ट २०१८-१९ च्या बजेटपासूनची. बिनतारण मर्यादा १ लाख ६० हजार होती, ती १ जानेवारी २०२५ पासून २ लाख झाली. मी बँकेत विचारायला गेले तर पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. गोठा आहे, गाई आहेत, दहा दिवसांच्या स्लिपा आहेत म्हटलं. त्यावर, "मिस्टरांना पाठवा."

शेळ्यांचं मात्र निराळं आहे आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. गरिबाची गाय म्हणतात तिला, आणि ती घरात बाईचीच असते. बोकड कधी विकायचा, ईदच्या आधी की जत्रेला, खाटकाला किती सांगायचे, हे सासूबाईंनी आयुष्यभर स्वतः ठरवलं. आमच्या मालकांची आयटीआयची फी त्यांनी दोन पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, विकून भरली होती, सासऱ्यांना नंतर सांगितलं. पण गावात मी दोन घरं अशी पाहिली की, पाच शेळ्या होत्या तोवर बाईच्या होत्या; योजनेतून शेड झालं, चाळीस झाल्या, व्यापारी दारात गाडी घेऊन यायला लागला, तेव्हा धंदा नवऱ्याचा झाला. बाई तिथंच आहे, पाला तोडते आणि लेंड्या झाडते. जनावर वाढलं, पैसा वाढला की बाईचा शब्द कमी होतो, हे उलटं गणित कुठल्याही योजनेच्या माहितीपत्रकात मला दिसलं नाही.

माझं माहेर खेड तालुक्यातलं. चाकणच्या कांद्यापासून सुरू झालेल्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढं लक्ष्मीमुक्तीचा आग्रह धरला, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा म्हणून. माझ्या वडिलांनी तेव्हा वीस गुंठे आईच्या नावावर केले. तलाठ्याकडे किती हेलपाटे झाले ते मला आठवतं. गाय जमिनीपेक्षा कितीतरी सोपी आहे. फेरफार नाही, मोजणी नाही, भाऊबंदांची हरकत नाही. मोबाईलवरच्या बिल्ल्याच्या नोंदीत नाव बदलायचं. आणि बाईचं खातं नाही ही सबबही आता उरलेली नाही. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांसाठी गावोगावच्या बायकांनी रांगा लावून खाती काढली, आधार जोडलं. ते खातं महिन्याच्या १,५०० रुपयांना चालतं, मग दुधाच्या पगाराला का नाही?

पशुसंवर्धन आयुक्तालय आपल्याच पुण्यात, औंधला आहे. तिथल्या साहेबांना तुमच्यामार्फत माझी विनंती आहे. बिल्ल्याच्या नोंदीत मालकासोबत सांभाळणाऱ्याचं नाव आणि त्याचा मोबाईल घ्या, आणि लसीचा, गाभण तपासणीचा निरोप त्या मोबाईलवर येऊ द्या. रेतन करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात एवढंच सांगा की कांडी सोडायच्या आधी गोठ्यात जो हजर आहे त्याला विचारा, आणि वळूचा नंबर त्याला लिहून द्या. आणि मुरघासाची (हवाबंद मुरवलेल्या वैरणीची), कासदाहाची (कासेच्या सुजेची) शिबिरं संध्याकाळी पाचला ठेवू नका. पाच वाजता आम्ही धारा काढत असतो. आमच्या गावात मुरघासाचं शिबिर झालं तेव्हा चाळीस खुर्च्यांवर चाळीस पुरुष होते, आणि पुढच्या आठवड्यात मका तुडवून बॅगा भरायला आम्ही सतरा बायका. बॅगेत हवा राहिली तर बुरशी धरते हे आम्हाला दोन बॅगा फेकून दिल्यावर कळलं. दुपारी एक ते तीन ठेवा, आम्ही येतो.

संयुक्त राष्ट्रसंघानं २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. सत्कार आणि साड्या यांच्यापेक्षा वरच्या तीन गोष्टी केल्या तर आम्हाला जास्त आनंद होईल.

घरातलं घरात सुटतं, तेही सांगते. चंद्रीच्या प्रकारानंतर गाय घ्यायची होती तेव्हा मालक मला चाकणच्या शनिवारच्या बाजारात घेऊन गेले. बाजारात भाव तोंडानं होत नाही. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. परक्या बाप्याच्या हातात बाईनं रुमालाखाली हात कसा द्यायचा? त्यामुळं बाई आपोआप बाजूला राहते. मी कडेला उभी होते. गाय दिसायला सुंदर, कास टम्म. मी खाली बसून चारही सड चाचपले. कास तुंबवलेली होती, सकाळची धार काढलीच नव्हती, आणि मागचा डावा सड मुळाशी गाठ असल्यासारखा घट्ट. मी मालकांना हाक मारून सांगितलं, "डावा मागचा दगडी झालेला आहे." त्यांचा हात रुमालात होता. त्यांनी तो बाहेर काढला. हेडी म्हणाला, बाईला बाजारात कशाला आणलं. मालकांनी उत्तर दिलं नाही, चपला झटकल्या आणि चालायला लागले. पुढच्या आठवड्यात खेड तालुक्यातच एका बाईच्या दारातून आम्ही गाय घेतली. ती बाई आणि मी दोन तास गाईबद्दल बोललो, किंमत शेवटच्या पाच मिनिटांत ठरली. ती गाय आज दोन्ही वेळचं मिळून १९ लिटर देते. चंद्रीला पुढच्या खेपेला मी म्हणाले तीच कांडी गेली, मालकांनी फोनवर त्या मुलाला सांगितलं, "त्यांना विचार, मला कशाला?"

गेल्या महिन्यात मी सगळ्या गाई माझ्या नावावर करण्याचा अर्ज लिहिला आणि डेअरीत माझं वेगळं खातं मागितलं. मालकांनी सहा गाईंवर सही केली. कपिलेसाठी सासऱ्यांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, मग म्हणाले, "कपिला राहू दे माझ्या नावावर, मी गेल्यावर घे." मी राहू दिली. सहा गाईंचा अर्ज दवाखान्यात दिलेला आहे, पोच माझ्याजवळ आहे. नाव चढलं की आपल्याला कळवीन.

आपली,
एक दूध उत्पादक शेतकरी,
ता. आंबेगाव, जि. पुणे